पडद्याकडे पाठ

यमुनामावशींनी आमच्या थिएटरात अकरा वर्षं डोअरकीपरचं काम केलं आणि त्या अकरा वर्षांत एकही सिनेमा धड पाहिला नाही. पडद्याच्या उजेडाने त्यांचं कपाळ ठणकायचं. खेळ सुरू झाला की त्या दाराशी पडद्याकडे पाठ करून, भिंतीला खांदा टेकून उभ्या राहायच्या आणि समोर बसलेली माणसं बघायच्या. मी बुकिंगच्या खिडकीत होते. तिकिटं संपली की मीही कधी कधी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहायचे. मी सिनेमा बघायचे आणि त्या मला लोकांतलं काय काय दाखवायच्या.

आमचं थिएटर शिक्रापूरच्या चौकातून थोडं आत होतं. एकच पडदा, खाली स्टॉल, वर छोटी बाल्कनी. समोरून दिवसभर कंटेनर जायचे, त्याने बाल्कनीच्या खुर्च्या हलायच्या. प्रेक्षक म्हणजे आसपासच्या खोल्यांतून राहणारी कंपन्यांतली पोरं, सणसवाडीहून शिफ्ट सुटल्यावर येणारी, आणि रविवारी गावांतली घरंच्या घरं. मराठी, हिंदी, ओडिया, सगळ्या भाषा त्या एका दारातून आत जायच्या. मावशी मूळच्या यवतकडच्या. माळ्याचं घर, फुलांची शेती. नवरा गेल्यावर लहानग्या मुलाला, सागरला, घेऊन त्या शिक्रापुरात खोली करून राहिल्या आणि मिळेल ते काम करत शेवटी आमच्या दाराशी लागल्या.

तिकीट फाडताना त्या तिकिटाकडे बघायच्या नाहीत, माणसाकडे बघायच्या. एकदा पाहिलेला चेहरा विसरायच्या नाहीत. कोण कुठल्या खुर्चीवर बसतो, कोण इंटरव्हलला घरी फोन लावतो, कोणाला अंधारात पायरी दिसत नाही, सगळं त्यांना ठाऊक. सिनेमा चालणार की पडणार हे त्या पहिल्या खेळाच्या इंटरव्हललाच सांगायच्या. लोक दारातून बाहेर पडताना कसे चालतात त्यावरून. मालकांना, म्हणजे आमच्या नानांना, त्याचं इतकं पटलं होतं की दुसऱ्या आठवड्याला सिनेमा ठेवायचा का हे ते मावशींनाच विचारायचे.

एक बाई दर गुरुवारी बाराच्या खेळाला यायची. पॅकिंगच्या कामावर होती, गुरुवारी तिची सुट्टी. सिनेमा कुठलाही असो, विनोदी असला तरी, ती सुरुवातीपासून रडायची. मला वाटलं डोक्याने कमी असेल. मावशींनी तिला कोपऱ्यातली खुर्ची ठरवून दिली होती, तिथे पंख्याचा आवाज जास्त येतो म्हणून. कोणी त्या खुर्चीवर बसलं तर त्याला उठवायच्या. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "एका खोलीत सात बायका ऱ्हात्यात त्या. रडायला जागा कुठं हाय तिला? हितं अंधार हाय." मग त्या दुसऱ्याच कुणाबद्दल बोलायला लागल्या. असं त्यांचं बोलणं. शहाणपण सांगितल्यासारखं कधी नसायचं.

एका उन्हाळ्यात आमच्याकडे एक सिनेमा लागला. हिंदीत डब केलेला. काळा मुखवटा घातलेला एक माणूस, अंगात अचाट ताकद, आणि ज्यांना कायदा हात लावत नाही त्यांना तो एकेक करून गाठतो. पडदा जवळजवळ सगळा वेळ काळाच, मधूनच लाल. फक्त मोठ्यांसाठी असा शिक्का होता. त्यातली एक जागा लोकांना फार आवडली होती. तो मुखवट्याचा माणूस एका लुच्च्या मुकादमाचा हात टेबलावर दाबून धरतो आणि एकेक बोट मोडतो. दर वेळी एकच शब्द म्हणतो, "गिन." मुकादम रडत रडत आकडा मोजतो.

पहिल्या दिवशी त्या जागेला सगळं थिएटर चिडीचूप झालं. तिसऱ्या दिवसापासून शिट्ट्या यायला लागल्या. आठवडा झाला तोवर पडद्यावरचा माणूस तोंड उघडायच्या आधी अख्खा स्टॉल ओरडायचा, "गिन", आणि मग सगळे मिळून मोजायचे. एक, दो, तीन. बाहेर खिडकीत मला ऐकू यायचं. खेळ कुठवर आला ते मी त्यावरून ओळखायला लागले होते.

नाना खूश होते. कित्येक वर्षांनी बाहेर हाऊसफुल्लची पाटी लागली होती. मावशींना मात्र इंटरव्हलला कुणी विचारलं की त्या एवढंच म्हणायच्या, चालंल, लई चालंल.

एक गोष्ट सांगायला हवी. मावशींना तो सिनेमा बघणाऱ्यांचा राग नव्हता. प्रेसवर काम करणारा एक माणूस होता, चाळिशीचा, उजव्या हाताची तीन बोटं मशीनमध्ये गेलेली. ठेकेदाराने तो कामावरच नव्हता असं लिहून दिलं होतं. तो त्या सिनेमाला आठ वेळा आला. त्या जागेला तो ओरडायचा नाही, मोजायचा नाही. फक्त डावा हात उजव्या हातावर ठेवून बसायचा. मावशी म्हणाल्या, त्याला बघून माझाच जीव थंड झाला. त्याचं कुणी तरी ऐकलं, पडद्यावर का हुईना.

आणि मलाही तो सिनेमा आवडला होता. एका दुपारी दाराशी उभी राहून मी शेवटची मारामारी बघत होते. खलनायक मेला तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या. मावशी माझ्याकडे बघत होत्या.

त्यांना लागलं ते एका मुलीचं. सहा-सात वर्षांची असेल. तिचा बाप तिला घेऊन आला तेव्हा मावशींनी दारात अडवलं. शिक्का दाखवला. तो म्हणाला, पोरगी माझी आहे, तुम्ही कोण. आवाज वाढला, नाना आले आणि त्यांनी मुलीला आत सोडायला सांगितलं. त्या दिवशी ती मुलगी बापाच्या शर्टात तोंड खुपसून बसली, आणि इंटरव्हलला बाहेर आली ती रडतच. मावशींनी तिला पाणी पाजलं. पुढच्या रविवारी बाप तिला घेऊन परत आला. या वेळी ती खुर्चीवर उभी राहिली आणि सगळ्यांबरोबर बोटं वर करून मोजत होती, हसत होती. खेळ सुटल्यावर मावशी माझ्या खिडकीपाशी आल्या. चेहरा उतरलेला.

"रडत हुती ते बरं हुतं," त्या म्हणाल्या.

त्याच रविवारी त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली होती, पण ती मला फार पुढे कळली.

पुढच्या रविवारची गोष्ट. बाराचा खेळ पावणेतीनच्या सुमाराला सुटला. ऊन मी म्हणत होतं. पार्किंग माझ्या खिडकीच्या बरोबर समोर आहे. लोक गाड्या काढत होते, तेवढ्यात कुणाचा तरी मोबाइल गेल्याची ओरड झाली. कुणी तरी त्या नंबरवर फोन लावला आणि एका माणसाच्या खिशात रिंग वाजली. बारीक अंगाचा, तिशीचा माणूस. मनोज नाव त्याचं, हे नंतर कळलं. गोदामात हमालीला होता, बिहारकडचा. तो हिंदीत सांगत होता की मोबाइल खुर्चीखाली सापडला, काउंटरवर द्यायलाच निघालो होतो. काउंटर म्हणजे मी. तो खरोखर माझ्या दिशेने तोंड करून उभा होता. पण पार्किंगमधून बाहेर जायचा रस्ताही माझ्याच खिडकीवरून जातो.

पहिली थप्पड कुणी मारली ते मी पाहिलं. मग बघता बघता दहा-बारा जण झाले. कुणी लाथ घातली, कुणी हेल्मेट. लांबचे लोक मोबाइल वर धरून उभे होते. दोघांनी त्याला एका मोटरसायकलच्या सीटवर दाबलं, एकाने त्याचं मनगट पकडलं आणि मागून कुणी तरी म्हणालं, "गिन." तेव्हा लोक हसले. तो हशा मी आत इतक्या वेळा ऐकला होता की क्षणभर मला काही वेगळं होतंय असं वाटलंच नाही.

मनोज मोजत नव्हता. त्याला कळतच नव्हतं काय मोजायचं ते.

मावशी आतल्या दाराशी होत्या. त्या धावल्या नाहीत. गुडघ्यांमुळे त्यांना धावता यायचं नाही. त्या चालत गेल्या आणि गर्दीत शिरल्या. मला वाटलं, त्या ओरडतील, शिव्या देतील. त्यांनी नेहमीच्या आवाजात नावं घ्यायला सुरुवात केली.

"ज्ञानेश्वर, तू गेल्या महिन्यात आईला आनलंवतं. तिला जिना चढवंना, तवा उचलून नेलंतंस." मग पुढच्याकडे वळून, "पप्या, तुझी बायकू बाळंतपणाला गेलीया न्हवं? काय झालं तिला?" मग तिसऱ्याला. कुणाला गावावरून, कुणाला खुर्चीवरून, कुणाला त्याच्या बहिणीवरून. ज्याचं नाव घेतलं त्याचा हात खाली यायचा. माणूस आपलं नाव ऐकून दचकतो तसे ते दचकत होते. एक एक जण मागे सरला. हे सगळं मिनिट-दोन मिनिटांत झालं, पण त्याआधी मनोजची दोन बोटं मोडली होती आणि कानातून रक्त येत होतं.

शेवटी मनगट धरणारा एकटा उरला. त्याचं नाव मावशींनी घेतलं नाही. त्या त्याच्यासमोर उभ्या राहिल्या, त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि सोडवला. तो सागर होता.

मनोजला रिक्षात घालून दवाखान्यात मावशीच घेऊन गेल्या. तीनचा खेळ वीस मिनिटं उशिरा सुरू झाला, पण झाला.

दुसऱ्या दिवशी चौकशीला पोलीस आले. त्याआधी सकाळीच नानांनी आम्हा सगळ्यांना ऑफिसात बोलावून सांगितलं होतं की पार्किंगचा कॅमेरा बंद होता आणि कुणी काही पाहिलेलं नाही. गावातले एक वजनदार गृहस्थही बसले होते, त्यांचा पुतण्या त्या पोरांत होता. ते शांतपणे बोलत होते. चोर तर चोरच होता, मोबाइल त्याच्याच खिशात निघाला. पोरं तरुण आहेत, कुणाचं लग्न ठरलंय, कुणाची नोकरी आहे. एकदा नाव लागलं की जन्माचं.

मावशींनी विचारलं, त्यानं चोरला आसंल न्हाईतर सापडला आसंल, बोटं कशाला मोडायची? मग ते गृहस्थ म्हणाले, "मावशी, तुमचा सागर बी हाय त्यात. त्याचं तरी बघा."

"त्याचंच बघतीया," मावशी म्हणाल्या.

सागर तेव्हा चोवीस वर्षांचा होता. सणसवाडीच्या एका कंपनीत तीन वर्षं ठेक्यावर काढल्यावर पंधरा दिवसांपूर्वीच तो कायम झाला होता. मावशींनी थिएटरात पेढे वाटले होते. वागायला चांगला मुलगा. माझ्या खिडकीशी थांबून माझ्या मुलांची विचारपूस करायचा. त्याने असं का केलं असेल, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं. त्याच्याकडे बघून कधी काही वाटावं असं नव्हतं.

मावशींनी आदल्या संध्याकाळीच त्याला सांगितलं होतं. पोलिसांनी विचारलं तर मी तुझं नाव सांगणार, ते आधी तुला सांगते, तू स्वतः जाऊन सांगितलंस तर बरं. त्याने विचारलं, "तू माझी आई हायस का कोण हायस?" मावशी मला म्हणाल्या, मी भाकरी थापत हुते, ती थापत ऱ्हायले.

हवालदारांनी आधी मला विचारलं. मी म्हणाले, पुढच्या खेळाची तिकिटं चालू होती, माझी मान खाली होती. त्यांनी लिहून घेतलं आणि मी सही केली. मग त्यांनी मावशींना विचारलं. मावशींनी सात नावं सांगितली. पहिलं सागरचं, वयासकट, खोलीच्या पत्त्यासकट. बाकीची नावं सांगताना त्या मध्ये थांबत होत्या. नीट आठवून, कुणावर खोटं येऊ नये म्हणून. ज्यांनी नुसतं पाहिलं त्यांची नावं त्यांनी सांगितली नाहीत, कुणी विचारलीही नाहीत.

त्यानंतर त्यांचं शिक्रापुरात राहणं अवघड होत गेलं. सागरला जामीन मिळाला, कंपनीने मात्र त्याला काढलं. तो खोली सोडून मित्राकडे राहायला गेला. भाजीच्या गाडीवर बायका मावशींना बघून बोलणं थांबवायच्या. थिएटरात पोरं तिकीट त्यांच्या हातात न देता पुढे टाकायची. एकाने त्यांच्यासमोर बोट वर करून आकडा मोजला. मनोज हाताला प्लास्टर घेऊन गावी गेला तो परत आला नाही, त्याचा फोनही लागेना. महिन्याभराने नानांनी मावशींना सांगितलं की आता दाराला मशीन बसवतोय, माणूस नको. ते मशीन अजून बसलेलं नाही.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी त्या माझ्याजवळ बसल्या होत्या. खेळ चालू होता, दुसराच कुठला तरी सिनेमा, लोक हसत होते. बोलता बोलता त्यांनी मला ती राहिलेली गोष्ट सांगितली. ती मुलगी खुर्चीवर उभी राहून मोजत होती, त्या रविवारी तिच्या मागच्या रांगेत सागर बसला होता. तो ओरडत होता, कपाळाच्या शिरा फुगलेल्या, डोळे मोठे. त्यांनी तो चेहरा कधी पाहिला नव्हता.

"म्या बघितलं हुतं," त्या म्हणाल्या. "घरी आल्यावर बोलावं वाटलं. मग म्हनलं, पोरगं दमून येतंय, शिनुमाच तर हाय. गप बसले. पोरीच्या बापाशी भांडले, आन् माझ्याशी न्हाई."

मी म्हणाले, मावशी, सिनेमा तर सगळ्यांनीच पाहिला, सगळ्यांनी कुठे कुणाची बोटं मोडली. त्या म्हणाल्या, व्हय, ते बी खरं हाय. मी तोच इचार करतीया. त्यांना खरंच त्याचं उत्तर हवं होतं.

त्या यवतला भावाकडे गेल्या. दीड वर्षाने मी त्यांना पुन्हा पाहिलं, ते शिरूरला. माझ्या मुलीच्या दाखल्याचं काम होतं, आणि ती कचेरी कोर्टाच्या आवारालगत आहे. कोर्टाच्या ओट्यावर मावशी बसल्या होत्या. वाळल्या होत्या, पण ओळखू आल्या. शेजारी पिशवी. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला सागर, दाढी वाढलेला, मोबाइलमध्ये बघत. दोघांच्या मध्ये चार-पाच अनोळखी माणसं.

मी जवळ गेले, पाया पडले. त्यांनी माझ्या मुलांचं विचारलं, नानांचं विचारलं. यवतहून त्या दोन गाड्या बदलून येतात. दर तारखेला बोलावतात आणि बहुतेक वेळा पुढची तारीख देतात. आज साक्ष होईल असं वकील म्हणाले आहेत. सागर बोलतो का, असं मी हळूच विचारलं. न्हाई, त्या म्हणाल्या, पन येतो तवा येळेवर येतो.

मग त्यांनी विचारलं, "तुला बी बोलावलंय का साक्षीला?"

मी नाही म्हणाले. त्यांनी मान हलवली. माझी खिडकी कुठे आहे आणि तिथून काय काय दिसतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार. मला उन्हात उभं राहू नको म्हणाल्या.

तेवढ्यात शिपायाने आतून पुकारा केला. सागरसह सात नावं, आणि मागून मावशींचं. सागर उठून पायऱ्या चढायला लागला. मावशी पिशवी सावरत मागून निघाल्या. कठड्याला धरून एक पायरी, थांबायचं, मग दुसरी. सागर वरच्या पायरीवर पोचला आणि थांबला. त्याने मागे वळून पाहिलं नाही, हातही पुढे केला नाही. बाकीचे सहाजण त्याच्या बाजूने आत गेले. तो दाराकडे तोंड करून तसाच उभा राहिला. मावशी वर येईपर्यंत, त्याच्या शेजारी येऊन श्वास घेईपर्यंत. मग दोघं आत गेले.

माझं दाखल्याचं काम पाच मिनिटांचं होतं. ते मी सकाळीच उरकलं होतं. मी बाहेरच उभी राहिले.